दात पक्का बसला, पण हिरडी वर सरकली

प्रिय डॉक्टर ताई,

मी औसा तालुक्यातली. वय ३३. घरच्या ओसरीतच माझं शिलाईचं दुकान आहे. पंधरा महिन्यांमागं येळवसेच्या दिवशी शेतात दातानं ऊस सोलताना माझा वरचा समोरचा दात हिरडीपाशीच मोडला. शाळेत असताना हापशाचा दांडा लागून त्याच दाताचं रूट कॅनल झालं होतं. डॉक्टरांनी मूळ काढलं, तीन महिन्यांनी हाडात इम्प्लांट, म्हणजे धातूचं मूळ, घातलं, त्यानंतर चार महिन्यांनी कॅप बसवली. दात हलत नाही, दुखत नाही. पण कॅप बसवून आठ महिने झाले आणि आता तो दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो. हिरडीच्या कडेला करडी छटा आली आहे. बाजूच्या दाताला लागून बारीक काळी फट पडली आहे, तिथं भाकरी अडकते. ब्रश करताना कधी कधी रक्त येतं. गिऱ्हाईक आलं की मी तोंडावर पदर धरून बोलते.

इम्प्लांट घालणारे डॉक्टर म्हणतात, दात शरीरानं स्वीकारलाय, आता काही करायची गरज नाही. लातूरला दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले, टाळूची कातडी काढून हिरडीला लावावी लागेल. ते ऐकूनच पोटात गोळा आला. सासूबाई म्हणतात, दात बसला, चावता येतंय, अजून काय पाहिजे तुला? खोबरेल तेलानं चोळली तर हिरडी खाली येते असं शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हणून महिनाभर तेही केलं. सकाळ-संध्याकाळ थोडी मिसरी लावते, खोटं कशाला सांगू. धाकट्या दिराचं लग्न दिवाळीनंतर आहे. तोवर हे नीट होईल का? टाळूची कातडी काढणं धोक्याचं असतं का? का सोडून द्यावं?

— शिवणकाम करणारी एक बहीण

ताई,

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुमच्याही मनात रुतून बसलेला दिसतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारी बाई तोंडावर पदर धरायला लागते, तेव्हा तो नटण्यामुरडण्याचा प्रश्न राहत नाही. समोरचा दात चावायला जितका लागतो तितकाच बोलायला आणि हसायला लागतो. तुम्ही जास्तीचं काही मागत नाही.

तुमचे पहिले डॉक्टर खोटं बोलत नाहीत. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. तेव्हापासून कित्येक वर्षं दंतवैद्यांपुढं एकच प्रश्न होता : हाड या धातूला धरेल का? तुमच्या हाडानं धरलंय. ‘शरीरानं स्वीकारलं’ म्हणजे तेवढंच. हिरडीचं काय झालं, हा दुसरा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता मला ज्याची काळजी वाटली ते सांगते. पत्रात तुम्ही ज्या वाक्यावर सगळ्यात कमी जोर दिलाय, ते हे : ब्रश करताना रक्त येतं. निरोगी हिरडीला ब्रश लागला म्हणून रक्त येत नाही, मग ती खऱ्या दाताभोवतीची असो की इम्प्लांटभोवतीची. रक्त म्हणजे सूज. सूज हिरडीपुरती असेल तर नीट साफसफाईनं ती पूर्ण बरी होते. ती खाली हाडापर्यंत पोचली तर हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड असतं. या दोन्हींत सुरुवातीला दुखत नाही आणि दात हलतही नाही. त्यामुळं ‘दुखत नाही, हलत नाही’ यावर निश्चिंत राहू नका. आधी एक साधा, छोटा एक्स-रे काढा आणि कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे शेजारी ठेवून दोन्हींतली हाडाची पातळी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आणि हेही विचारा : माझी कॅप सिमेंटनं चिकटवली आहे का स्क्रूनं घट्ट केली आहे? सिमेंटची असेल तर हिरडीच्या आत राहून गेलेला सिमेंटचा एखादा कण महिनोन्‌महिने सूज धरून ठेवतो. चपलेत खडा असताना पायाला मलम लावून काय उपयोग? तो कण काढला, भोवती स्वच्छता केली, की बऱ्याच जणींचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं. सूज उतरल्यावर हिरडीची कड आणखी थोडी वरही जाऊ शकते. तसं झालं तर घाबरू नका. कड खरी कुठं आहे ते तेव्हाच कळतं, आणि माप त्यानंतरच घ्यायचं असतं.

आता हे झालं कसं ते सांगते. ते कळलं तर टाळूची भीती निम्मी कमी होईल.

खऱ्या दाताच्या मुळातून बारीक तंतू निघून हिरडीत आणि हाडात शिरलेले असतात. हिरडी दाताला जणू टाके घालून शिवलेली असते. इम्प्लांटच्या धातूत तंतू असे शिरत नाहीत, ते त्याच्याभोवती वेढा घालून नुसते टेकून असतात. शिवलेली पट्टी आणि नुसती दुमडून ठेवलेली पट्टी यांत जो फरक, तोच इथं आहे. शिवाय खऱ्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यातूनही हिरडीला रक्त मिळतं. इम्प्लांटला तो पडदा नाही. म्हणून इम्प्लांटभोवतीची हिरडी नाजूक असते. थोड्या कारणानं वर सरकते आणि सहसा आपोआप परत येत नाही.

त्यात आपले वरचे समोरचे दात. त्यांच्या ओठाकडच्या बाजूचं हाड मुळातच कागदासारखं असतं, बऱ्याच जणांत १ मिमीपेक्षाही पातळ. दात काढला की ते झिजतं. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दाढा आणि उपदाढा काढलेल्या लोकांचे जबडे वर्षभर मोजले होते. त्या जागेची रुंदी वर्षात जवळजवळ निम्म्यानं घटली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. तुमचं मूळ काढल्यावर तीन महिने थांबून इम्प्लांट घातलं. थांबण्यात चूक नव्हती, तसं पुष्कळदा करतात. पण तेवढ्या काळात ओठाकडचं हाड आत बसलं असणार. हिरडी हाडाच्या आधारानं उभी असते. जोतं खचलं की भिंत खचते.

करड्या छटेचं कारण तर तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आत करड्या रंगाचं टायटॅनियम आहे आणि त्यावर हिरडीचा पातळ पदर. पदर २ मिमीपेक्षा पातळ असला की आतला रंग बाहेर डोकावतो. पातळ शिफॉनचा ब्लाउज अस्तराशिवाय शिवला तर काय होतं, तेच.

आणि म्हणूनच खोबरेल तेल चोळून हिरडी खाली येत नाही. तेलानं कापडाला अस्तर लागत नाही, ताई. उलट आधीच पातळ असलेल्या कडेवर रोज बोट घासलं तर ती आणखी वर जायची भीती. आजपासून चोळणं बंद करा. काकूंनी मायेनं सांगितलं असणार, त्यांच्यावर राग धरू नका.

पुढचं पाऊल टाकण्याआधी घरीच एक गोष्ट करा. उजेडात उभ्या राहा, पदर न धरता मोकळं हसा, आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा. एक फोटो बोलतानाचाही काढा. वरचा ओठ हिरडीच्या कडेपर्यंत उचलला जातो का, ते पाहा. काहींचा ओठ पोटभर हसतानाही दाताच्या मध्यावरच थांबतो. तुमचं तसं असेल तर वाढलेली लांबी आणि करडी कड तुम्हाला आरशात ओठ वर करून पाहिल्यावरच दिसते, गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मग कदाचित नुसती कॅप बदलून भागेल आणि टाळूला हात लावावाच लागणार नाही. हा फोटो डॉक्टरांनाही दाखवा. खुर्चीत आडवं पडून, तोंड ताणून पाहिलेला दात आणि हसताना दिसणारा दात यांत फार फरक असतो.

त्यानंतरचा प्रश्न इम्प्लांटच्या दिशेचा, आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं. समोरच्या जागेत इम्प्लांट थोडं टाळूकडं असावं लागतं, म्हणजे ओठाकडं त्याच्यावर निदान २ मिमी हाड राहतं. शेजारच्या दातापासून ते दीड मिमी तरी लांब हवं. ते ओठाच्या बाजूला झुकलं असेल तर आतून सतत हिरडीला ढकलत राहतं, आणि वर कितीही काम केलं तरी हिरडी काही महिन्यांत पुन्हा सरकते. मापच चुकलं असेल तर अस्तर लावून ब्लाउज बसत नाही, हे तुम्ही रोज गिऱ्हाइकांना सांगत असाल. यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढतात. धातूच्या चमकेमुळं त्यात इम्प्लांटलगतचं फार पातळ हाड नीट दिसत नाही, पण दिशा आणि खोली कळते. स्कॅन न पाहता टाळूच्या शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यांना ‘आधी स्कॅन बघू या’ असं नम्रपणे सांगा. दिशा फारच चुकलेली निघाली तर इम्प्लांट काढून, हाड भरून, नवं घालणं हाच प्रामाणिक उपाय असतो. ऐकायला जड आहे, पण वर्षावर्षाला टाके घेण्यापेक्षा बरा.

दिशा बरी निघाली, असं धरून पुढं लिहिते.

सगळ्यात आधी कॅप काढून पाहायची. याबद्दल मी जरा आग्रहानं लिहिते, कारण टाळूपर्यंत जायच्या घाईत ही पायरी पुष्कळदा राहून जाते. कॅप हिरडीतून बाहेर येते त्या ठिकाणी, मानेशी, तिला जो फुगवटा असतो त्यावर हिरडीची कड कुठं थांबणार ते ठरतं. ओठाकडच्या बाजूला कॅप जास्त फुगीर असेल तर ती हिरडीला वर रेटते आणि दात लांब दिसायला लागतो. तीच बाजू थोडी घासून सपाट केली, तर मोकळी झालेली हिरडी थोडी खाली येऊन स्थिरावते. ना चिरा, ना टाके. उलट काळी फट आहे त्या बाजूला कॅपला थोडा फुगवटा दिला, तर तो दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकाला बाजूनं दाबून खाली आणतो. एकाच कॅपवर एका बाजूनं कमी करायचं आणि दुसऱ्या बाजूनं वाढवायचं असतं, म्हणून हे काम पक्क्या सिरॅमिकच्या कॅपवर होत नाही. त्यासाठी अॅक्रिलिकची तात्पुरती कॅप लागते. तिच्यावर दातात भरतात तसला मसाला चढवता येतो, घासून काढताही येतो. कच्च्या टाक्यावर घेतलेला ब्लाउज घालून पाहायचा, मग मशीन मारायची, तसंच हे.

तात्पुरती कॅप घट्ट करताना हिरडी क्षणभर पांढरी पडते. दहा-पंधरा मिनिटांत ती परत गुलाबी झाली पाहिजे. झाली नाही तर दाब जास्त आहे, डॉक्टरांना तिथंच सांगा आणि तशाच घरी जाऊ नका. मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं थोडा थोडा बदल करत हिरडीला वळण लावायचं. सहा-आठ आठवडे याला द्या. हिरडी जिथं थांबली, तिथं ती पुढंही थांबते का, ते याच काळात दिसतं. आणि शेवटची पक्की कॅप बनवताना या तात्पुरत्या कॅपच्या मानेचा आकार जसाच्या तसा लॅबकडं गेला पाहिजे. नुसतं हिरडीचं माप घेतलं तर कॅप काढल्यावर हिरडी मिनिटाभरात मिटायला लागते आणि चुकीचंच माप जातं.

एवढं करूनही हिरडी पातळच राहिली, करडी छटा राहिली, दात लांबच राहिला, तर टाळू.

‘टाळूची कातडी काढून लावणं’ म्हटलं की डोळ्यासमोर जे येतं, ते समोरच्या दातासाठी सहसा करत नाहीत. टाळूवरची वरची कातडी चकतीसारखी काढून लावायची पद्धत आहे. पण तिचा रंग फिका राहतो, समोरच्या हिरडीवर ती ठिगळासारखी दिसते. दाढांकडं इम्प्लांटभोवतीची हिरडी अगदी मऊ, हलती असेल आणि ब्रश लावला की दुखत असेल, तिथं टणक हिरडीची पट्टी मिळवायला ती पद्धत चांगली. तुमच्यासाठी दुसरी. टाळूला, सुळ्याच्या दातापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या भागात, एक बारीक चीर देतात, वरची कातडी पुस्तकाच्या पानासारखी उचलतात, आतून दीड-दोन मिमी जाडीचा पांढरट पदर काढून घेतात आणि कातडी परत जागेवर शिवतात. तो पदर इम्प्लांटच्या पुढं, तुमच्या स्वतःच्या हिरडीखाली सरकवून बारीक टाक्यांनी बसवतात. वरून हिरडी तुमचीच राहते, म्हणून रंग जुळतो. खालून तिला अस्तर मिळतं. काही वेळा यासाठी कॅप काही आठवडे काढून ठेवतात, म्हणजे हिरडीला मोकळी जागा मिळते. तेवढ्या काळात शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात देतात, तोंड मोकळं राहत नाही.

धोका किती? टाळूत मागच्या बाजूनं एक रक्तवाहिनी पुढं येते, तिच्यापासून अंतर राखून काम करायचं असतं, आणि हिरड्यांचे तज्ज्ञ, पेरिओडॉन्टिस्ट, हे शिकलेले असतात. काम जागेवर भूल देऊन होतं, साधारण तासा-दीड तासाचं. नंतर दोन-तीन दिवस सूज, आणि आठवडाभर टाळूला गरम भाजी लागल्यावर भाजतं तशी चुरचुर. टाळूवर घालायला अॅक्रिलिकची पातळ प्लेट आधीच बनवून घ्या. ती घातली की जेवण आणि बोलणं खूप सोपं जातं. ती मागितल्याशिवाय बरेच जण देत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतेय. टाळूतून थेंब थेंब रक्त आलं तर ओल्या गॉजचा बोळा जागेवर दाबून वीस मिनिटं शांत बसायचं, सारखं उचलून बघायचं नाही. तेवढ्यानं थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. टाळू तीन-चार आठवड्यांत पूर्ववत होते. लावलेला पदर पहिल्या काही महिन्यांत थोडा आकसतो, हे धरूनच डॉक्टर तो जरा जास्त लावतात. म्हणून सुरुवातीला हिरडी गुबगुबीत दिसली तर ‘बिघडलं’ म्हणून रडत बसू नका. क्वचित पदराचा काही भाग जगत नाही. जगला नाही तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं : तो हलला, किंवा त्याला रक्त मिळालं नाही.

रक्त मिळालं नाही, यावरून मिसरी. तुम्ही खरं लिहिलंत याचं मला मोल आहे, आपल्याकडच्या पुष्कळ बायका हे डॉक्टरांपासून लपवतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. लावलेल्या पदराला पहिल्या आठवड्यात भोवतालच्या हिरडीतूनच रक्त मिळायचं असतं, आणि नेमकं तेच ती अडवते. मिसरी चालू असताना मी माझ्या पेशंटच्या टाळूला हात लावत नाही. ही शिक्षा म्हणून नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी दोनदा लावला, दोन्ही वेळा पदर गळून पडला, आणि त्या बायांना मी फुकट त्रास दिला, याचं मला आजही वाईट वाटतं. शस्त्रक्रियेआधी निदान चार-सहा आठवडे आणि नंतर कायमची बंद. सकाळी हात आपोआप डबीकडं जातो, तो वेळ कशानं भरायचा ते आधीच ठरवून ठेवा. बडीशेप चालेल, सुपारी नको. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६. लाज न वाटू देता फोन करा. घरात सासूबाईही लावत असतील तर दोघींनी मिळून सोडणं सोपं जाईल. आणि रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. वय कमी आहे म्हणून ती तपासायची राहून जाते, आणि वाढलेल्या साखरेत टाके भरत नाहीत.

टाळूला पर्याय आहे का, असं तुम्ही विचाराल. कोलॅजेनची तयार पट्टी मिळते, ती टाळूऐवजी वापरतात. टाळू वाचते, पण पातळ हिरडी जाड करण्यात स्वतःच्या टाळूचा पदर अजूनही सरस ठरतो, आणि पट्टी महाग असते. यातल्या बऱ्याच पट्ट्या डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनतात. तुमच्या घरात याचा विचार होत असेल तर आधी स्पष्ट विचारा. विचारल्याशिवाय सांगायची पद्धत सगळीकडं नसते. आणि शस्त्रक्रिया नकोच असेल, तर आतला टायटॅनियमचा जोड, अॅबटमेंट, बदलून पांढऱ्या झिरकोनियाचा घेतल्यानं करडेपणा बराच कमी होतो. लांबी मात्र त्यानं कमी होत नाही. कॅपच्या मानेशी गुलाबी सिरॅमिक लावून हिरडीचा भास करता येतो. ओठ कमी उचलणाऱ्यांसाठी तो वाईट उपाय नाही.

आता काळ्या फटीबद्दल. इथं मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. दोन दातांमधलं हिरडीचं टोक कुठवर खाली येईल, ते शेजारच्या खऱ्या दाताला लागून असलेलं हाड ठरवतं. ते हाड आणि दोन दात जिथं एकमेकांना टेकतात ती जागा, यांत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर टोक बहुतेक वेळा फट भरून काढतं. ६ मिमीच्या पुढं गेलं की निम्म्या वेळाही भरत नाही. टाळूचा पदर पुढच्या बाजूची जाडी छान वाढवतो, पण हे मधलं टोक उभं करण्यात शस्त्रक्रियेचा भरवसा कमी. तुमचं अंतर ५ मिमीच्या आसपास असेल तर तात्पुरत्या कॅपच्या दाबानं आणि थोड्या वेळानं फट मिटेल. जास्त असेल तर दोन दात टेकतात ती जागाच हिरडीकडं थोडी वर घ्यायची : कॅपचा आणि गरज पडली तर शेजारच्या दाताचाही आकार मसाल्यानं किंचित रुंद करून. शंभर टक्के भरून देतो, असं कुणी म्हणालं तर किती मिमी अंतर आहे ते विचारा. मोजलं असेल तर आकडा लगेच सांगतील.

आता लग्नाचा हिशेब. सध्या चैत्र आहे. साफसफाई, एक्स-रे, मिसरी बंद आणि स्कॅन यात महिना-सव्वा महिना जाईल. तात्पुरती कॅप आणि हिरडीला वळण यात जुलै उजाडेल. तेवढ्यानं भागलं तर दसऱ्याआधी पक्की कॅप तोंडात असेल. टाळूचं काम लागलं तर ते जुलैमध्ये करा. त्यानंतर हिरडी मुरायला किमान तीन महिने द्यावे लागतात, म्हणजे ऑक्टोबर. मग पुन्हा तात्पुरत्या कॅपवर वळण. दिराच्या लग्नात तुमच्या तोंडात तात्पुरती कॅप असेल आणि पक्की संक्रांतीनंतर बसेल. चांगली घडवलेली तात्पुरती कॅप फोटोत कुणाला ओळखू येत नाही. लग्नाची तारीख बघून पक्क्या कॅपची घाई करू नका. न मुरलेल्या हिरडीवर पक्की कॅप चढवली की पुढच्या वर्षी ती पुन्हा लांब दिसते, आणि तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

खर्चाचं पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण ओसरीत दुकान चालवणाऱ्या बाईला तो प्रश्न असणारच. सगळ्या पायऱ्यांचा मिळून आकडा लेखी घ्या : स्कॅन, तात्पुरती कॅप, शस्त्रक्रिया, टाळूची प्लेट, पक्की कॅप आणि मधल्या भेटी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. लातूर आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथं वेळ जास्त जातो, पण खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी असतो, आणि शिकणाऱ्या डॉक्टरांच्या मागं अनुभवी प्राध्यापक उभे असतात. जुने एक्स-रे आणि इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, साइज लिहिलेलं कार्ड किंवा स्टिकर पहिल्या डॉक्टरांकडून मागून घ्या. ते नसलं तर दुसऱ्या डॉक्टरांना योग्य स्क्रू आणि जोड शोधतानाच महिना जातो. ते मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे, ते तुमचंच आहे.

पक्क्या कॅपचा रंग ठरवताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडं काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यानं दातांवर पांढरट किंवा तपकिरी डाग असतात. तुमच्या शेजारच्या दातावर असे डाग असतील तर कॅपवरही हलकेसे घ्या. पांढरीशुभ्र कॅप मागितली तर हिरडीवर केलेली सगळी मेहनत वाया जाते, नजर पहिल्यांदा त्याच दाताकडं जाते.

काळजीचं थोडक्यात. इम्प्लांटभोवती मऊ ब्रश, आणि फटीत बाटलीच्या ब्रशासारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश, दिवसातून एकदा. कोळशाची पूड, राखुंडी, कडुलिंबाची काडी त्या जागी नको. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे तिथं ब्रशच नको, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करा. त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. डाग नंतर दवाखान्यात साफ करून निघतात, चवही परत येते. तेवढे दिवस गार ताक, आंबील, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. ठेचा आणि भाकरीचा कडक पापुद्रा महिनाभर विसरा.

आणि दोरा. मी आत्तापर्यंत मुद्दाम लिहिलं नाही, पण शिवताना तुम्ही समोरच्या दातांनी दोरा तोडत असणार आणि टाचण्याही ओठात धरत असणार. खऱ्या दाताला थोडी लवचीक गादी असते, झटका ती झेलते. इम्प्लांट हाडात घट्ट असतं, झटका थेट स्क्रूवर आणि कॅपवर जातो. मशीनला एक छोटी कात्री दोरीनं बांधून ठेवा आणि टाचण्यांसाठी मनगटावर कापसाची गादी शिवा, तुम्हाला अर्ध्या तासाचं काम. येत्या येळवसेला ऊस कोयत्यानं सोला.

हसतानाचे फोटो, दोन्ही एक्स-रे आणि स्कॅनची सीडी हातात आली की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. इम्प्लांटची दिशा पाहिल्यावर कॅपवर भागेल की टाळू लागेल, ते तुम्हाला स्पष्ट लिहीन.

तुमची,
डॉक्टर ताई